कोल्हापूरला आईसोबत लॉज शोधताना – माझा अनुभव

मागच्या महिन्यात आईला अंबाबाईच्या दर्शनाला घेऊन गेले होते. मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी साडेसातच्या सुमारास कोल्हापूर आणि परतीची गाडी त्याच रात्रीची, म्हणजे आम्हाला रूम फक्त आंघोळ, दुपारची झोप आणि सामान ठेवायला हवी होती. मी ॲपवरून बुक करून पैसेही भरले होते त्यामुळे निवांत होते.

तिथे पोचलो तर काउंटरवरचे म्हणाले चेक-इन बाराला, आत्ता हवी असेल तर आणखी एका दिवसाचं भाडं पडेल. बरं, रूम तरी दाखवा म्हटलं, तर आत इंडियन संडास! आईचे दोन्ही गुडघे गेलेत हो, तिला खाली बसताच येत नाही, आणि मी फोटोत कमोड बघूनच बुक केलं होतं. म्हणे तो दुसऱ्या रूमचा फोटो. रात्रभर प्रवास करून आलेली आई जिन्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, ते बघून मला रडूच यायला लागलं. भांडत बसले नाही, संडासाचा फोटो काढला, ॲपवर तक्रार टाकली आणि निघालो. (पैसे आले परत, पण नऊ दिवसांनी.)

मग एसटी स्टँडजवळ एका लॉजवर ‘24 तास चेकआउट’ अशी पाटी दिसली. हे बघाच कायम. बारा ते बारा वाल्यांकडे सकाळी आठला गेलात की बाराला दिवस संपतो आणि रात्री आठपर्यंत थांबायचं तर दोन दिवसांचं भाडं, इथे मात्र आठला घेतली की दुसऱ्या दिवशी आठपर्यंत आपली. मी पैशाचं विचारलं तर मॅनेजरच म्हणाले, "आधी वर जाऊन बघून या की ताई, मग ठरवा."

वर जाऊन मी कमोडचा फ्लश ओढून पाहिला, नळ सोडला, दाराची कडी दोनदा लावून पाहिली. गरम पाणी सोलरचं, नऊपर्यंतच. चादरीवर चहाचा डाग होता, सांगितल्यावर मुलाने लगेच दुसरी आणली, उन्हात वाळल्याचा वास होता तिला. भाडं 1000 आणि जीएसटी 50. पूर्वी यावर 12 टक्के लागायचा, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झालाय, तेव्हा पावती मागून आकडा बघा.

रजिस्टरला दोघींचंही ओळखपत्र लागतं, पॅन चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो. मी मास्क्ड आधार दिलं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट डाउनलोड होतं. झेरॉक्सवर तारीख आणि ‘फक्त लॉजसाठी’ लिहून सही केली.

आई आंघोळ करून साडेनऊला तयार! दर्शन छान झालं, पण रांगेत उभं राहून पाय सुजले तिचे. संध्याकाळी गरम पाणी मिळेल का विचारलं तर सोलर थंड झालेला, तरी त्या मुलाने खाली हीटर लावून बादलीभर पाणी वर आणून दिलं, "मावशी, पाय सोडून बसा निवांत" म्हणाला. आई अर्धा तास तशीच बसली होती, मग आम्ही स्टेशनला निघालो.