ठेका धावतोय म्हणे!

जुन्या टेप डिजिटल करून देणं हे माझं काम. १९७०-८० च्या दशकांतल्या बऱ्याच टेपना एक खोड असते. चुंबकीय थर धरून ठेवणारं बाइंडर हवेतला दमटपणा पितं आणि चिकट होतं. टेप तशीच मशीनवर चढवली तर किंचाळते आणि आवाज वाचणाऱ्या हेडवर तपकिरी राड जमते. म्हणून ती आधी साधारण ५४ अंश सेल्सिअसवर कित्येक तास भाजायची. लोक ऐकून हादरतात, पण भाजलेली टेप काही आठवडे नीट वाजते. तेवढ्यात सगळं उतरवून घ्यायचं. (ॲसिटेटच्या टेपवर मात्र हा प्रयोग करू नये.)

त्या दिवशी एका जुन्या पॉप बँडची दोन इंची, चोवीस ट्रॅकची टेप होती. सोबत रीमिक्स करणारा तरुण म्युझिक प्रोड्यूसर आणि बँडचे ड्रमर, आता सत्तरीतले. गाणं कॉम्प्युटरवर आलं, पोरानं ते ग्रिडवर, म्हणजे पडद्यावरच्या समान अंतराच्या ठोक्यांच्या रेघांवर, टाकलं आणि तोंड वाकडं केलं.

“सर, कोरसला ठेका धावतोय. ग्रिडवर बसवून द्याल?”

ड्रमर काका शेजारीच होते. चकार शब्द नाही.

मी नुसता गायिकेचा ट्रॅक लावला. कोरसआधी ती शेवटचा शब्द तोडते, श्वास घेते आणि पुढच्या ओळीवर ठोक्याच्या जराशी आधीच उतरते. मग त्यात किक आणि स्नेअर या ड्रमचे ट्रॅक सोडले. दोन ठोके ड्रम तिच्या मागे आहेत, तिसऱ्याला तिला गाठतात.

“ती दर वेळी तिथे सुटायची,” काका म्हणाले. “मी अडवलं असतं तर कोरस तिथेच बसला असता.”

पोराचंही खोटं नव्हतं. १९८० साली खऱ्या ड्रमचे आवाज भरलेलं लिन एलएम-१ हे ड्रम मशीन आलं, १९९७ मध्ये सूर नेमका करून देणारं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर आलं. काटेकोर लय आणि काटेकोर सूर ऐकतच तो वाढलाय. आणि जुनं ते सगळं सोनं नसतंच. ठेका नुसताच घसरलेल्या टेपही मी पुष्कळ ऐकल्यात.

तरी करून पाहिलं. ड्रम ग्रिडवर बसवले आणि गायिका एकदम घाईत वाटायला लागली. तिला सरकवलं तर स्नेअर दोनदा वाजायला लागला, कारण सगळे एकाच खोलीत वाजवत होते आणि तिच्या माइकमध्ये ड्रम शिरले होते. ते आता कोण वेगळं काढणार?

पोरगा हुशार. म्हणाला, “मग ग्रिडच यांच्यामागे नेऊ.” म्हणजे ड्रमवरून टेम्पो मॅप, लय कुठे किती धावते याचा नकाशा, करायचा आणि त्याचे नवे सिंथेसायझर त्यावर चालवायचे. संध्याकाळ त्यातच गेली. कोरसच्या तोंडाशी सॉफ्टवेअर सारखं गडबडत होतं. तेवढ्या जागी काकांनी टेबलावर बोटांनी ठोके दिले आणि मी ते हातानं भरले.