किडनीचा कॅन्सर, मणका आणि दोन दिवसांचा शेक

मी रेडिएशन डिपार्टमेंटला फिजिसिस्ट आहे, म्हणजे डॉक्टर डोस ठरवतात आणि तो गाठीवरच कसा पडेल याचं प्लॅनिंग आम्ही करतो. किडनीच्या कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, लागू पडत नाही असं अजूनही पेशंटला सांगितलं जातं, म्हणून ही केस लिहावीशी वाटली.

आमचे पेशंट, एक शेतकरी काका, कॅन्सरमुळे एक किडनी काही वर्षांपूर्वी काढलेली, सगळं सुरळीत, आणि आता पाठ दुखतेय म्हणून एमआरआय केला तर मणक्यात गाठ निघाली, खुब्याजवळच्या हाडात पण पसरलेलं. हा कॅन्सर असा वर्षांनी वर येतो.

रोज थोडाथोडा डोस दिला तर या पेशी बऱ्याचदा दाद देत नाहीत, तो जुना समज त्यातूनच आलाय. पण एका वेळचा डोस मोठा करून तो नेमका गाठीवरच दिला की फरक पडतो, यालाच एसबीआरटी म्हणतात. काकांच्या मणक्याला 2 दिवसांत 24 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप) ठरलं. 2021 मध्ये याच डोसची ट्रायल छापून आली होती, सगळ्या प्रकारचे कॅन्सर होते त्यात, तीन महिन्यांनी मणक्याचं दुखणं पूर्ण थांबलेले 35 टक्के आणि नेहमीच्या पद्धतीने 5 दिवसांत 20 ग्रे दिलेल्यांत 14 टक्के. मला हा फरक फार मोठा वाटतो.

अडचण एकच, स्पायनल कॉर्ड, म्हणजे मणक्यातून जाणारी नसांची दोरी, गाठीला खेटून असते, तिला एवढा डोस लागू द्यायचा नसतो, आणि काकांना पाठीवर पडवतच नव्हतं. आधी दुखण्याचं औषध दिलं, स्कॅन जुळवला, बीम सुरू झाला आणि अर्ध्यात कळ आली. लगेच थांबवलं.
"हललो का हो मॅडम?"
"हो काका, थोडंसंच. मशीन बंद आहे, घाबरू नका."
परत स्कॅन केला तर तीन मिलिमीटर सरकलेले, इथे तेवढं पण चालत नाही, टेबल सरकवून परत जुळवलं आणि मगच उरलेला डोस दिला. तोवर माझ्या जिवात जीव नव्हता.

मुलगा म्हणाला खुब्याला पण हेच द्या ना. पण तिथे आजार बऱ्याच हाडात पसरलाय, नेमकी धरावी अशी गाठ नाही, म्हणून दुखण्यापुरता 8 ग्रेचा एकच शेक. हाड मोडेल का ते ऑर्थोच्या डॉक्टरांनी आधीच बघितलं होतं, रॉड लागणार नाही म्हणाले.

घरी जाताना सांगितलं, सुरुवातीचे काही दिवस दुखणं वाढू शकतं, त्यासाठी डेक्साच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या आहेत, आणि मणका दबू शकतो म्हणून पोती अजिबात उचलायची नाहीत. इम्युनोथेरपीचं (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचं) मेडिकल ऑन्कॉलॉजीवाले बघतायत, एमआरआय तीन महिन्यांनी.