ऐरोलीच्या खाडीतला चिखल

नवी मुंबईतल्या ऐरोलीला बोटीत बसायचं तर आधी भरतीची वेळ बघावी लागते. पूर्ण ओहोटीला बोट चालेल एवढं पाणी नसतं, आणि भरती पुरती भरली की चिखलच बुडतो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्हाला मधली वेळ साधली.

बोटीतले बहुतेक जण फ्लेमिंगोंसाठी आले होते. छोटे, मोठे दोन्ही जातींचे दिसले; मान खाली, चोच उलटी करून पाणी गाळत होते. सगळे फोटो काढत होते तेव्हा माझी दुर्बीण तिवरांच्या पुढच्या करड्या पट्ट्यावर होती. चिखलच हलतोय असं वाटत होतं.

ते काळ्या शेपटीचे गॉडविट पक्षी होते, शेकड्यांनी. जवळचा एक तर चिखलात डोळ्यांपर्यंत चोच खुपसून होता. या लांब चोचीचं टोक भलतं संवेदनशील. आत किडा लागला की बाकीची चोच मिटलेलीच राहते, नुसतं टोक उघडतं. त्याच्या पायाशी टिलवे नावाचे चिमुकले पक्षी तुरुतुरु पळत वरवरचं टिपत होते. जेमतेम 20-30 ग्रॅमचा जीव, आणि घरटं थेट आर्क्टिकच्या टुंड्रात! पलीकडे कर्ल्यू वाकड्या चोचीने बिळातले खेकडे ओढत होता. एकाच चिखलात प्रत्येकाचा मजला वेगळा, म्हणून एवढी गर्दी सुखाने जेवते. पुलावरून जाताना आपण याच चिखलाला घाण म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं.

खाडीच्या या भागाला 2015मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022मध्ये जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. पण भरतीला चिखल बुडाला की हे पक्षी टेकायला जातात ती नेरूळकडची तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. जेवणघर राखलं आणि ओसरी गेली, तर पाहुण्यांनी बसायचं कुठे? ती तळीही तितक्याच काळजीने जपायला हवीत.

मी नीट बघायला अर्धवट उठले, तर बोटवाले दादा हळूच म्हणाले, "ताई, उभ्या राहू नका, थवा उठेल." मी लगेच बसले.

पाणी चढत गेलं, पट्टा अरुंद झाला. मग गॉडविट आपणहून उठले. पंखांवरच्या पांढऱ्या पट्ट्या एकदम चमकल्या, थवा वळला आणि दक्षिणेला, नेरूळच्या दिशेने निघाला. मागे हातभर चिखल उरला होता. पाच-सहा टिलवे पोटापर्यंत पाणी येईस्तोवर तिथे टिपत राहिले.