381654729 च्या पुढे: 25 घरांपर्यंतची मजल

मागच्या नोंदीत 381654729 पाशी थांबलो होतो. 1 ते 9 प्रत्येक अंक एकदाच. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला 2 ने भाग जातो, पहिल्या तीनच्या संख्येला 3 ने, असं करत अख्खीला 9 ने. अशी ही एकुलती एक. संगणक हे क्षणात सांगतो, पण एकच का, ते मला पेन्सिलीने बघायचं होतं.

वाटलं होतं त्यापेक्षा लवकर आटोक्यात आलं. पाचव्या घरात 5 ठरलेलाच. सम घरांत सम अंक, म्हणजे विषम घरांत विषम. चौथ्या घराच्या डावीकडे विषम अंक आहे, त्यामुळे 4 च्या कसोटीला तिथे 2 किंवा 6 च टिकतात. 8 च्या कसोटीने आठव्या घराचंही तेच. मग चौथा, पाचवा, सहावा यांच्या बेरजेला 3 ने भाग जायला हवा, म्हणून मधला तुकडा 258 नाहीतर 654. इथून पुढे दहाच संख्या उरतात. मला पहिल्या खेपेला आठच सापडल्या, कारण 258 ची फांदी घाईत खोडली होती. 147258963 आणि 741258963 तिथेच बसलेल्या.

दहाही जणी बाकी सगळ्या कसोट्या पार करतात, अडतात ती 7 पाशी. 987654321 वर माझा फार जीव होता. 9876543 ला 7 ने भागलं, बाकी 5. गेली! 3816547 मात्र 7 × 545221.

या आठवड्यात अंक पुन्हा वापरायची मुभा घेतली. तेव्हा सगळ्यात लांब जाणारी संख्या 25 अंकी:

3608528850368400786036725

हीसुद्धा एकुलती एक. ती मी शोधलेली नाही, फक्त घरागणिक तपासतोय. 10, 16, 20, 25 वगैरे फुकटात सुटतात, शेवटचे अंक बघितले की झालं. खरी मेहनत 17 आणि 19 ला. 17 चा भागाकार एका ओळीत केला, नुसत्या बाक्या लिहीत: 3, 2, 3, 4, 11, 10, 6, 0, 5, 16, 10, 4, 14, 8, 12, 1. सोळा अंक संपले, हातात 1, आणि सतरावा अंक 7. सतरा! वही बंद करून चहा न पिता तसाच 19 ला लागलो. तीही शून्यावर उतरली. 23 अजून बाकी आहे.

सव्विसावं घर का भरत नाही, हेही बघून घेतलं. शेवटी 0 लावून 26 ने भागलं तर बाकी 12 येते. म्हणजे 0 च्या जागी 14 हवेत, आणि घर एकाच अंकाचं.