काम थांबवण्याच्या अधिकाराचं पत्र

जळगावात तळघर असलेल्या चार मजली इमारतीसाठी सुरक्षा पर्यवेक्षणाचा आराखडा करायचा होता. नकाशा, कामांचा क्रम, तपासणीचे तक्ते हे सगळं दोन दिवसांत झालं. अडलं ते एका रकान्यापाशी: ‘काम कोण थांबवणार?’

ठेकेदाराच्या कार्यालयाने तो रकाना आधी कोराच परत पाठवला. दुसऱ्या खेपेला ‘वरिष्ठांशी चर्चा करून’ असं लिहून आलं. याचा आजही राग येतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून खोल उतरतं. तीन मीटर खोल खड्ड्याच्या कडेला समांतर भेग दिसली, की कड सुटायच्या बेतात आहे असंच धरायचं. खालची माणसं लगेच वर घ्यायची, जेसीबी मागे न्यायचा. तिथे चर्चेला वेळ कुठला?

‘आमच्याकडे 60-70च कामगार, आम्हाला हे लागू नाही,’ असंही ऐकवलं गेलं. सुरक्षा अधिकारी नेमण्याची अट बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात 500 कामगारांना होती, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या 2020 च्या संहितेत ती 250 वर आली. पण अधिकारी नेमायची सक्ती नसली तरी देखरेखीची जबाबदारी सुटत नाही.

शेवटी तीन आठवड्यांनी, काम कोण थांबवणार हे सांगणारं सहीचं पत्र हातात आलं. त्यात चार गोष्टी असल्याशिवाय ते घेऊ नका. पर्यवेक्षकाचं नाव आणि तो रजेवर असताना बदली कोण. कोणत्या स्थितीत काम थांबेल. पुन्हा सुरू कोणाच्या सहीने होईल. आणि थांबलेल्या तासांची हजेरी कापली जाणार नाही. ही चौथी सर्वांत महत्त्वाची. हजेरी कापली जाते म्हटल्यावर भेग दिसली तरी कोणी बोलत नाही. रोजच्या कामाचं माप ज्याच्या डोक्यावर आहे, त्या इंजिनिअरला पर्यवेक्षक करू नका.

खोदाई दीड मीटरच्या पुढे गेली की उतार द्या किंवा आधार लावा. खोदलेली माती कडेपासून किमान दीड मीटर लांब टाका. पावसानंतर कड तपासल्याशिवाय कोणाला खाली उतरवू नका.

सेंटरिंग, म्हणजे काँक्रीटखालचा साचा आणि टेकू, काढायची तारीख आराखड्यातच लिहा. साध्या पोर्टलंड सिमेंटच्या (ओपीसी) स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) 7 दिवस, त्यापुढे 14. सहा मीटरपेक्षा लांब बीमला 21. इथे घाई होते, कारण टेकू पुढच्या मजल्याला हवे असतात.

शिडीचं राहिलं: चार मीटर उंचीला पाया भिंतीपासून एक मीटर बाहेर, आणि वरचं टोक एक मीटर वर निघालेलं. विजेच्या प्रत्येक बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच. काँक्रीट ओलं ठेवायचं, म्हणजे क्युरिंगचं, पाणी सगळीकडे पसरलेलं असतं. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा दुपारी 12 ते 4 उन्हातलं काम बंद ठेवा.

सकाळची सूचना पाच मिनिटांची, आणि मजूर अहिराणी बोलणारे असतील तर अहिराणीतूनच द्या. त्या पत्राची एक प्रत फाटकाजवळ लावा, आणि मुकादमाला वाचून दाखवून त्यावर त्याचीही सही घ्या.