आईला वाटलं, पोरगी अमेरिकेत कंट्रोलचं धान्य खाते

सध्या गावी आलीये. यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका, मेचा शेवट, आणि ऊन असं की नऊ वाजल्यानंतर अंगणात अनवाणी पाय ठेवला तर उडीच मारावी लागते. पोरांच्या तिकडच्या शाळा याच सुमारास सुटतात त्यामुळे आंबे संपता संपता आणि पाऊस पडायच्या आत असं आमचं येणं असतं, आणि नेमकं तेव्हाच घरात कुरडया. परवा पहाटे साडेपाचला गच्चीवर सगळ्या जमल्या होत्या, आई चीक हाटत होती, वहिनी साच्याने कुरडया घालत होती आणि मी "जमत नाही तर निदान पदर तरी सांभाळ" असं ऐकून घेत ताटं उचलत होते. तेवढ्यात वहिनीनं सहज विचारलं, "ताई, तुमी तिकडं कूपनवर सामान आणता म्हणे?"

आईचा हात थांबला. "कूपनवर? काऊन वं, तुमच्या तिकडंबी कंट्रोल हाय का?" मग थोडं थांबून, आवाज खाली घेऊन, "जावयाचं बरं चालू हाय ना सारं? लपवू नको माय."

आता जे आमच्या भागातले नाहीत त्यांना सांगते, आमच्याकडे रेशन दुकानाला कंट्रोल म्हणतात आणि कूपन म्हणजे रेशनचं कार्ड. शेजारच्या मामीचं प्राधान्य कुटुंबाचं कार्ड आहे, माणशी ५ किलो धान्य महिन्याला, आणि २०२३ पासून ते फुकटच झालंय. म्हणजे आईच्या हिशेबानं विमानाचं तिकीट काढून इतक्या लांब जाऊन तिची पोरगी पिशवी घेऊन कंट्रोलच्या लाईनीत उभी. हसता हसता माझ्या हातातलं ताट कलंडलं, त्यावर वेगळी बोलणी खाल्ली.

मग त्या दिवशी कुरडया होईस्तोवर मी कूपनपुराण सांगत बसले, आणि सांगताना लक्षात आलं की हे मलाच कधी नीट कळलं नव्हतं, आईच्या प्रश्नांमुळे कळलं. म्हणून लिहिते.

आम्ही ओहायोत राहतो, कोलंबस शहराच्या बाहेर. गेले तेव्हा पहिला धक्का हा की तिथं पाकिटावर एमआरपी नसते. आपल्याला सवय की साबण कुठंही घ्या, छापलेल्या किमतीच्या वर कोणी मागणार नाही. तिथं तोच साबण एका दुकानात ४ डॉलर, रस्ता ओलांडून दुसऱ्यात ३, आणि पुढच्या आठवड्यात पहिल्यातच अडीच. दर आठवड्याला दुकानांची रंगीत जाहिरातपत्रकं निघतात आणि भाव बदलतात. त्यात रविवारच्या पेपरमध्ये कूपनांची चोपडी यायची, कात्रीनं कापायची, दुकानात काउंटरवर द्यायची. हल्ली चोपडी फार बारीक झालीय, बहुतेक सगळं मोबाईलच्या ॲपवर गेलंय, पण मी गेले तेव्हा कात्रीचाच जमाना होता. मी दोन पेपर घ्यायची. माझ्याकडे एक फाईल होती, लग्नाच्या अल्बमला असतात तसे प्लास्टिकचे कप्पे असलेली, त्यात साबण, टूथपेस्ट, डायपर असे विभाग. नवरा म्हणायचा, "तहसील ऑफिसात नोकरी लागली का तुला?"

गंमत अशी की कूपन दोन जातीचं असतं, एक कंपनीचं आणि एक दुकानाचं, आणि बऱ्याच ठिकाणी एकाच वस्तूवर दोन्ही चालतात. म्हणजे टूथपेस्ट ४ डॉलरची, या आठवड्यात सेलमध्ये ३, त्यावर कंपनीचं १ डॉलरचं कूपन, त्यावर दुकानाचं ५० सेंटचं, हातात पडली दीड डॉलरला. सेल नसताना हीच दोन्ही कूपनं लावून खरेदी केली तर अडीच डॉलर. सगळी कला या वेळ साधण्यात आहे, कूपन आलं की लगेच पळायचं नाही, दाबून ठेवायचं आणि सेलची वाट बघायची.

इथं आईनं पहिला प्रश्न टाकला, "मंग दुकानदाराचं नुकसान नाही होत?" नाही होत. तो कंपनीची कूपनं गोळा करून पाठवतो, तिकडं मोजणी होते आणि कंपनी त्याला कूपनाची पूर्ण रक्कम देते, वर हाताळणीचे प्रत्येकी ८ सेंट. हे सगळं कूपनाच्या पायथ्याशी मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं. टेक्सासमधल्या डेल रिओ नावाच्या गावाचा पत्ता मी इतक्या कूपनांवर वाचलाय की मला ते गाव ओळखीचं वाटायला लागलंय, कधी पाहिलेलं नाही. आणखी एक मजेशीर ओळ असते, रोख किंमत १/१०० सेंट. जुन्या काळी काही राज्यांमध्ये अशा कागदाला काहीतरी रोख मोल असलंच पाहिजे असे कायदे झाले होते, त्याची ही शेपटी. १०० कूपनं नेऊन दिली तर १ सेंट. वहिनी म्हणे, "आपल्या दुकानात सुट्टे नसले की चॉकलेट देते, त्याच्यापेक्षाबी गेलं."

आईचा दुसरा प्रश्न खरा होता. "पण कंपनी काऊन देते? ज्याले द्यायचं त्याले सस्तंच छापावं ना."

मी मार्केटिंग वगैरे सांगायला लागले तर तिनंच मधे तोडलं. म्हणे, "म्हंजे बाजार उठतानाच्या भाजीसारखं." आणि हे इतकं बरोबर होतं. आमच्या आठवडी बाजारात सकाळी मास्तर, नोकरीवाले येऊन जातात, ते भाव करत नाहीत फारसा, वांगे ६० म्हटले की ६० देतात. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला, माल परत न्यायचा नसतो तेव्हा, ज्यांना वेळ आहे आणि पैसा कमी आहे अशा बाया येतात आणि तेच वांगे निम्म्यात जातात. दोघांनाही माल विकला, दोघांकडून जमेल तेवढे घेतले. कूपन तसंच आहे. ज्याला घाई तो पूर्ण भाव देतो, जो रविवारी तासभर कात्री घेऊन बसतो त्याला कमी. कंपनीनं सगळ्यांसाठीच भाव उतरवला असता तर घाईवाल्याचे जास्तीचे पैसे गेले असते ना.

आता फुशारकी बाजूला ठेवून घोटाळे सांगते.

पहिला घोटाळा तारखेचा. कूपनावर ०५/०६ लिहिलेलं, मी आपली ५ जून समजून निवांत. अमेरिकेत महिना आधी लिहितात, ते होतं ६ मे. मेच्या शेवटी बारा-पंधरा कूपनं घेऊन काउंटरवर गेले, मागं पाच माणसं, ती पोरगी एकेक मशीनला दाखवते आणि मशीन टूं टूं करून नाही म्हणतं. शेवटी मॅनेजरला बोलावलं. मागच्या माणसानं एक उसासा टाकला तो मला अजून ऐकू येतो. सामान अर्धं तिथंच ठेवून निघाले.

दुसरा मोठा. रँच नावाचं एक पांढरं सॅलड ड्रेसिंग असतं, ताक-दही-लसणाच्या चवीचं, अमेरिकन लोक ते कशावरही ओततात. सेल आणि कूपन मिळून बाटली २५ सेंटला पडत होती. मी १२ आणल्या. एक गोष्ट विचारात घेतली नव्हती की आमच्या घरात ते कोणी खात नाही. नवऱ्यानं दोन आठवडे भाकरीशी खाऊन बघितलं, बिचाऱ्यानं जवसाच्या चटणीत पण कालवलं. लेकानं तोंड फिरवलं. शेवटी तारीख संपायच्या आत ९ बाटल्या गरजूंसाठी किराणा गोळा करतात त्या खोक्यात नेऊन ठेवल्या. ३ डॉलर गेले याचं काही नाही, पण तीन महिने फडताळातली ती पांढरी पलटण बघून मला स्वतःची लाज वाटायची. आईला सांगितलं तर तिला कळेना. "खातच नाही तं आणलं कायले?" आता याला काय उत्तर आहे.

त्यानंतर मी एकदा बसून वर्षभराची बिलं काढली. आणि दिसलं ते असं, की आपण जे खातो त्याला कूपनच नाही! तुरीची डाळ, तांदूळ, कणीक, आलू, कांदे, टमाटर, सांबार (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याच्या वाचकांनी इडलीसोबतचं समजू नये), याला कुठली कंपनी कूपन देणार? कूपन डब्यातल्या-बाटलीतल्या मालाला असतं, तेही महागड्या ब्रँडला. दुकानाच्या स्वतःच्या नावाचा साधा माल बरेचदा कूपन लावलेल्या ब्रँडपेक्षा स्वस्तच असतो. म्हणजे वरण-भात-पोळी-भाजी खाणाऱ्या घराला कूपनाचा उपयोग साबण, सर्फ, शाम्पू, टूथपेस्ट आणि डायपर एवढाच. पोरगा डायपरमध्ये होता तेव्हा महिन्याला ७०-८० डॉलर सहज वाचायचे, तो मोठा झाला तसे २०-२५ वर आले.

खाण्यातली बचत वेगळ्या वाटेनं झाली, आणि ती वाट मला नवीन नव्हती. तिथल्या दुकानात बहुतेक वस्तूंचा भाव दीड-दोन महिन्यांनी एकदा तळाला जातो. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास टर्की (कोंबडीसारखाच पण मोठा पक्षी, त्या सणाला तो लागतोच) आणि केकचं सामान, ऑगस्टमध्ये वह्या-पेन्सिली, हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी चॉकलेटं निम्म्यात. टर्की तर काही दुकानं पदरचे पैसे घालून विकतात, कारण त्या निमित्तानं बाई आत आली की बाकीची गाडी भरूनच बाहेर पडते. तर तळाला असताना पुढच्या तळापर्यंत पुरेल इतकंच घ्यायचं. माल संपला असेल तर काही दुकानं रेन चेक नावाची चिठ्ठी देतात, नंतर त्याच भावात घ्या म्हणून, मागितली तरच देतात.

आमच्या घरी हेच होतं की! तूर निघाली की वर्षाची डाळ घरी भरडून, ऊन दाखवून, तेलाचा हात लावून ठेवायची. गहू आले की कडुनिंबाचा पाला घालून कोठीत. मेथी स्वस्त झाली की वाळवून. किराणा दुकानाची उधारी कापूस विकला की फिटायची, मधल्या काळात उधारीवर जितकं कमी आणावं लागेल तितकं बरं, म्हणून हे सगळं. मी तिकडं डीप फ्रीझरमध्ये आलं-लसणाची पेस्ट, सोललेले मटार आणि चिरलेला सांबार भरते तेव्हा कोठी भरल्यासारखंच वाटतं.

आणि छोट्या सवयी. आल्डी नावाच्या दुकानात ट्रॉली साखळीला बांधलेली असते, २५ सेंटचं नाणं घातलं की सुटते, जागेवर परत लावली की नाणं परत. आमच्या घरात त्याला पावलीच म्हणतात, गाडीत कायम एक पावली असते आणि ती कोणी चॉकलेटला वापरली तर घरात खटला चालतो. कॉस्टको नावाच्या भल्यामोठ्या दुकानात आख्खी भाजलेली कोंबडी कित्येक वर्षं ४.९९ डॉलरच आहे, पण ती ठेवलीय दुकानाच्या पार मागच्या टोकाला, टीव्ही-गालिचे-खुर्च्या सगळं ओलांडून जावं लागतं. आम्ही त्या दिवशी ट्रॉलीच घेत नाही, हातात कोंबडी धरून बाहेर.

वहिनीला मात्र एकच गोष्ट कामाची वाटली. तिकडं फळीवर किमतीखाली बारीक अक्षरात एका औंसाला किती पडतं ते लिहिलेलं असतं, आणि ते बघितलं की कळतं, मोठा पुडा दरवेळी स्वस्त नसतो. मी म्हटलं, आपल्या पाकिटांवर पण आता एका ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापून येतो, बघितला का कधी? ती उठून मोरीतून शाम्पूची बाटली आणि रुपया-दोन रुपयाच्या पुड्यांची माळ घेऊन आली. हिशेब केला तर पुडी स्वस्त निघाली, बाटली महाग. "आन् मी बाटलीवाली म्हणून शान मारत होती," म्हणे.

ॲपचं सांगायचं राहिलं. आता कूपनं मोबाईलवर टिचकी मारून घ्यायची, कापाकापी नाही. मला सोपं झालं, पण आमच्या दुकानात एक आजी येतात, सत्तरीच्या पुढच्या, साधा फोन असलेल्या. फळीवर लिहिलेलं असतं डिजिटल कूपनवर २ डॉलर कमी, त्यांना पूर्णच भरावे लागतात. एकदा मी माझ्या नंबरवर त्यांचं बिल करून दिलं. आईला हे लगेच समजलं. शेजारच्या मामीचा अंगठा निंदणं-खुरपणं करून इतका घासलाय की कंट्रोलच्या मशीनवर उठत नाही, कधी तीन बोटं बदलून होतं, कधी परत जावं लागतं.

काल आईसोबत बाजारात गेले, मुद्दाम दिवे लागायच्या वेळेला. सांबारवाला ओरडत होता, दहाच्या दोन, दहाच्या दोन. आम्ही थांबलो तशी त्यानं आणखी एक वर ठेवली, "घेऊन जा माय, दहाच्या तीन." आईनं दोन उचलल्या, तिसरी परत ठेवली. म्हणे, "दोनच पायजे."

मी मागं वळून ती तिसरी घेतली. फुकटच होती ना. आज सकाळी बघितलं तर ओट्याच्या कोपऱ्यात पिवळी पडलीय, आणि आईनं अजून काही म्हटलेलं नाही.