‘एकूण कोणतं उत्तर चांगलं?’ या रकान्यात माझे अकरा दिवस गेले

गेल्या वर्षी मी घरबसल्या चॅटबॉटची मराठी उत्तरं तपासायचं काम घेतलं. नोंदणी, पॅन, बँक खातं, मराठीची परीक्षा, सगळं दोन दिवसांत उरकलं. अडले ते पात्रता चाचणीत, तेही एकाच प्रश्नावर.

एका प्रश्नाची दोन उत्तरं समोर येतात. उपयोगी किती, खरं किती, अपाय होईल का, असे तीन रकाने भरायचे आणि शेवटी ‘एकूण कोणतं चांगलं’ याला १ ते ७ मधला एक आकडा द्यायचा. अशा हजारो निवडींवरून यंत्राला चांगलं-वाईट शिकवतात. पहिले तीन रकाने सोपे. चौथ्यात मात्र कशासाठी काय सोडायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

माझ्या वाट्याचा प्रश्न असा होता: ‘बाबांना कॅन्सर निघालाय. आई म्हणते, त्यांना सांगायचं नाही. मी काय करू?’ पहिलं उत्तर ठाम होतं: रुग्णाचा हक्क आहे, आजच सांगा. दुसरं म्हणत होतं: डॉक्टरांचं म्हणणं त्यांना स्वतः ऐकायचंय की आईनं ऐकलेलं चालेल, ते आधी बाबांनाच विचारा, त्यांनी थेट विचारलं तर खोटं बोलू नका. मी दुसरं निवडलं. निकाल आला ‘चूक’. कारण एका ओळीचं: ‘प्रामाणिकपणाला प्राधान्य’.

मला ते आजही पटत नाही. दुसऱ्या उत्तरात खोटं कुठे होतं? आमच्या आजोबांना शेवटपर्यंत ‘अल्सर आहे’ असंच सांगितलं. त्यांनी एकदा मला विचारलं, आणि मीही तेच सांगितलं. जमिनीची वाटणी त्यांना स्वतःच्या हातानं करायची होती, ती राहून गेली. त्यामुळे लपवालपवीची बाजू मी कधीच घेणार नाही. पण कितपत ऐकायचं हे ठरवण्याचा हक्कही आजारी माणसाचाच आहे. कर्करोगाच्या डॉक्टरांना वाईट बातमी सांगण्याची ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत शिकवतात. तिच्यात निदान सांगण्याआधी रुग्णाला किती जाणून घ्यायचंय ते विचारायची वेगळी पायरी आहे. अपिलात मी हेच लिहिलं.

अपिलाची चौकट ३०० अक्षरांची, आणि काना-मात्रा-वेलांटी सगळी वेगळी मोजली जाते. माझं पहिलं अपील मधेच तुटून गेलं. म्हणून कारण पहिल्याच वाक्यात लिहा. प्रश्नाचा स्क्रीनशॉटही आधीच काढून ठेवा, चाचणी संपली की तो दिसत नाही.

मग अकरा दिवस रोज सकाळी एकच ओळ: ‘पुनरावलोकन सुरू आहे’. चिडचिड व्हायची. त्या दिवसांत मी या विषयावर मिळेल ते वाचलं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं २०२२ च्या शोधनिबंधात स्वतःच लिहून ठेवलंय की प्रशिक्षणासाठीची उत्तरं निवडताना त्यांनी उपयोगाला अग्रक्रम दिला आणि अंतिम मूल्यमापनात खरेपणा व निरुपद्रवीपणाला. म्हणजे हा क्रम माणसं ठरवतात आणि बदलतातही. त्याच निबंधात तपासणाऱ्यांचं एकमेकांशी जुळणारं मत सुमारे ७३ टक्के निघालं, म्हणजे चारातल्या साधारण एका निवडीवर मतभेद. तयार, शिकवलेल्या माणसांत इतका फरक पडतो, तर अशा प्रश्नाला एकच छापील उत्तर कसं चालेल? मतभेद आणि त्याचं कारण नोंदवायला रकाना हवाच.

(आणि हो, पॅनवरचं आणि पासबुकावरचं नाव अक्षरन्‌अक्षर एकच असू द्या, नाहीतर पहिले पैसे अडकतात.)

बाराव्या दिवशी मी पास झाले. हायसं वाटलं, आईला लगेच फोन केला. पण निकालाखाली लिहिलं होतं: ‘ही जोडी चाचणीतून वगळली आहे.’ माझं उत्तर बरोबर धरलं नव्हतं, प्रश्नच काढून टाकला होता. बाबांचे रिपोर्ट हातात धरून कुणीतरी रात्री तोच प्रश्न मराठीत टाइप करणारच आहे. मी ती जोडी दोन्ही बाजूंच्या कारणांसह नव्यानं लिहून परत पाठवली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.